वाटणीच्या सहा माद्या

कानतुटी गाभडली तेव्हा थोरलीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कानतुटी वयाने उतरलेली डुकरीण, कितीतरी वेतं झालेली. एखाद्या खेपेला दिवस भरण्याआधी पोट टाकलं तर टाकलं. थोरलीने ओला पेंढा गोळा केला, मेलेली पिल्लं बादलीत घातली, वरून चुना पसरला आणि मागच्या खड्ड्यात नेऊन पुरली. हात धुऊन परत येते तो शेजारच्या कप्प्यातली पांढरी आडवी पडलेली. कुंडीतला कोंडा जसाच्या तसा. अंगाला हात लावला तर तापलेला तवा. कानांच्या कडा शाई सांडल्यासारख्या निळ्या पडल्या होत्या.

"ताई, ही पण बघा ना," पलीकडच्या कप्प्यातून धाकटी म्हणाली. "उठवली तरी उठत नाही. धापा टाकतेय नुसती."

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघा भावांची घरं समोरासमोर, मधे एक गाडी जाईल एवढी वाट. सासरे होते तोवर वाडगं एकच होतं. ते अंथरुणाला खिळले तेव्हा वाटणी झाली. माद्या, नर आणि विण्याची खोली थोरल्याकडे राहिली. धाकट्याने दूध सुटलेली पिल्लं भावाकडून घ्यायची आणि वाढवून विकायची, असं ठरलं. पण सासऱ्यांनी थोरल्याकडून सगळ्यांसमक्ष एक शब्द घेतला होता. धाकट्याने स्वतःची विण्याची खोली बांधली की त्याला चांगल्या आयांच्या पोटच्या सहा तरण्या माद्या द्यायच्या, त्याही गाभण.

थोरल्याने शब्द दिला, आणि भाऊ काही खोली बांधत नाही म्हणून तो विसरूनही गेला. धाकटा विसरला नव्हता. यंदा त्याने ती उभी केली. गवंड्याला मदतीला कोणी नव्हतं. धाकटीनेच माल कालवला, विटा वाहिल्या, पाणी नीट वाहून जावं म्हणून जमिनीचा उतार चार वेळा उकरून पुन्हा केला. सिमेंटने तिची बोटं फुटली होती. आणि काम शिकायला म्हणून ती रोज सकाळी थोरलीकडे यायची. विणाऱ्या मादीजवळ कसं बसायचं, पिल्लाच्या नाकातोंडातला चिकटा कसा काढायचा, अशक्त पिल्लू पहिल्या चिकासाठी सडाला कसं लावायचं, हे सगळं तिला थोरलीनेच दाखवलं होतं. धाकटीचा हात हलका होता. थोरलीला तिची सवय झाली होती. ती आली नाही तर खोली मोठी वाटायची.

त्या सकाळी दोघींनी पांढरीला ओल्या गोणपाटाने पुसलं, तोंडात पाणी सोडलं. दुपारी पांढरीनेही पोट टाकलं.

डॉक्टरीणबाई आल्या. बाहेर गाडी उभी करून, रबरी बूट चढवून, पुढच्या कप्प्यापासून मागच्यापर्यंत हळूहळू चालत गेल्या. चार माद्यांचं रक्त काढलं. जाताना थोरल्याला म्हणाल्या, "निकाल येऊ दे. तोवर तुमच्याकडून काही बाहेर जाऊ देऊ नका. आणि त्या बाईला पण येऊ नका म्हणावं काही दिवस."

धाकटी फाटकाशीच उभी होती. तिने नळाखाली बूट घासून घासून धुतले, तळवे उलटे करून पाहिले, आणि गेली.

निकाल फोनवर आला. थोरला अंगणात उभा राहून ऐकत होता आणि थोरली दाराच्या चौकटीला टेकून त्याचं तोंड पाहत होती. तो नुसता "हं, हं" करत होता. फोन ठेवून तो खाटेवर बसला.

"काय म्हणाल्या?"

"विषाणू आहे. माद्यांच्या पोटावर बसतो. त्याला औषध नाही म्हणे. ज्यांना व्हायचा त्यांना होऊन जाऊ द्यायचा. गाभण आहेत त्या टाकतील, नाहीतर अर्धी मेलेली जन्माला घालतील. मग कितीतरी दिवस माजावर येऊन, गाभ न धरता उलटत राहतील. बऱ्या झाल्या की पुन्हा ठरतील म्हणतात."

"सगळ्या?"

"सगळ्या कशा? काही कायमच्या वांझ राहणार. त्या कसायाला."

विण्याच्या खोलीच्या पलीकडे, वेगळ्या आडोशाला, त्या सहा तरण्या माद्या होत्या. थोरलीनेच त्या निवडल्या होत्या, पिल्लं असताना. सड मोजून, चाल पाहून, आयांचं दूध आठवून. त्यांना नराकडून भरवून दोन-अडीच महिने होत आले होते. अजून खात होत्या. पण सकाळी पाणी घालायला गेली तेव्हा त्यातली एक खोकली होती. तिने ऐकलं होतं.

थोरला तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या सहा आज पलीकडे पोचवू."

"बाईंनी सांगितलंय ना, काही बाहेर काढू नका म्हणून."

"सांगितलंय."

"मग?"

"मग काय. शब्द दिलाय सहा माद्यांचा. इथे मेल्या तर माझ्या मेल्या, वर त्याला पुन्हा सहा द्यायच्याच. तिकडे मेल्या तर त्याच्या. मी दिल्या, माझा शब्द पुरा." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "आणि वाटेच्या त्या बाजूला आहे तो. आज ना उद्या त्याच्याकडे जाणारच हे. आपण दिल्याने नवीन काय होणार आहे?"

"तो भाऊ आहे तुमचा."

"म्हणून तर देतोय."

थोरली आत गेली. पण तो हाक मारणार आणि आपल्याला जावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. त्या माद्या तिच्या हाताशिवाय हलत नसत. त्याने हाक मारली तशी ती उठली. तिने कोंड्याची पाटी घेतली, पुढे झाली, आणि सहाच्या सहा माद्या तिच्या मागून वाट ओलांडून निघाल्या.

धाकट्याच्या दारात दोघं नवरा-बायको उभीच होती. धाकटी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून आली होती. नव्या खोलीत कोरडा पेंढा पसरलेला होता, चुन्याचा वास होता. धाकट्याने प्रत्येक मादीच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याने विचारलं, "दादा, तुझ्याकडच्या त्या आजारी माद्यांचं काय झालं? रक्त नेलं होतं ना?"

"काही नाही रे. हवा पालटली की येतो ताप. बाईच म्हणाल्या. कानतुटीचं तर वयच झालंय. आणि या सहा वेगळ्याच ठेवल्यात मी पहिल्यापासून, तिकडची हवासुद्धा लागू दिली नाही."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. नवऱ्याच्या भावाचं बोलणं वेगळं आणि ताईचं वेगळं, असा तिचा हिशेब. "हो ना ताई?" ती म्हणाली. "काळजीचं नाही ना काही?"

थोरलीच्या हातात पाटी होती. तिने ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

त्यानंतर थोरलीच्या खोलीत जे सुरू झालं ते कुणालाच धड सांगता आलं नसतं. एकामागून एक माद्या पडत गेल्या. कुणी दिवस भरायच्या आधी टाकलं, कुणी भरल्यावर. वार पडायची आणि तिच्यासोबत पिल्लं. काही फुगलेली, काही पोटातच कधीची सुकून शेंगेएवढी झालेली, काळपट तपकिरी, डोळ्यांच्या जागी खळगे. आणि जिवंत असायची त्यांचं दुःख वेगळंच. पाय फाकलेले, डोळ्यांवर सूज, सड तोंडात दिला तर ओढायचं बळ नाही. थोरली एकेकाला मांडीवर घेऊन चीक पिळून तोंडात सोडायची. तो गालफडातून परत बाहेर यायचा. आया दुधाने भरून कण्हत पडलेल्या आणि पिणारं कोणी नाही. तिच्या साडीला, केसांना, नखांना तो वास बसला. जेवताना ती डाव्या हाताने नाक पुसायची आणि थोरला ताट घेऊन पडवीत जाऊन बसायचा.

बातमी पांगली. भुसार दुकानदाराने कोंड्याची गाडी फाटकापर्यंत आणणं बंद केलं. पोती रस्त्याच्या वळणावर टाकून हॉर्न वाजवून निघून जायचा. पाठीवर पोतं घेऊन थोरली वळणापासून घरापर्यंत यायची. विहिरीवर बायका तिच्या बादलीपासून आपली बादली लांब ठेवायच्या. माणसाला काही होत नाही याने, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ठेवायच्या.

वाट ओलांडून धाकट्याकडे जाणं थोरलीने सोडलं. आमच्याकडचं तुमच्याकडे नको यायला, असं ती सांगायची आणि धाकटी लांबूनच मान डोलवायची. फाटकातून फाटकात दोघी बोलायच्या. पहिले काही दिवस धाकटी खुशीत होती. माद्या खातात म्हणायची. मग म्हणाली, दोघींनी खाणं टाकलंय. मग दोन दिवस ती फाटकाशी आलीच नाही.

आली तेव्हा थोरलीने विचारायच्या आधीच बोलली. "ताई, दोघींनी टाकलं. तिसरी कण्हतेय. कान निळे झालेत."

थोरलीने फाटकाची कडी धरून ठेवली.

"माझ्यामुळे झालं," धाकटी म्हणाली. "मी यायचे ना तुमच्याकडे. बुटांना लागून गेलं असणार. बाईंना विचारलं यांनी, बुटाने जातं का म्हणून; त्या म्हणाल्या, बुटानेही जातं. तेव्हापासून हे बोलत नाहीत माझ्याशी. खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. काल म्हणाले, तू हात लावशील ते मरतं."

तिला मूल नव्हतं. दोन वेळा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा गेलं होतं. धाकट्याने ते वाक्य कुठून काढलं, हे सांगायची गरज नव्हती.

थोरलीला त्याच वेळी बोलता आलं असतं. आसपास कोणी नव्हतं. पण मागून थोरला खाकरला, नळाशी बादली आपटली, आणि ती म्हणाली, "असं कसं होईल. तू बूट धुवायचीस."

"तेच तर," धाकटी एकदम पुढे झाली. "तुम्ही बघितलंय. तुम्ही यांना एवढं सांगाल का? मी तुमच्या नळावर धुऊनच निघायचे, एवढंच. तुमचं ऐकतील ते. मला नुसतं खोलीत जाऊ द्यावं. ती तिसरी एकटी आहे आत. यांना जमत नाही ताई, हात राकट आहेत, वार ओढून काढतात."

ती रडत नव्हती. तिच्या बोटांवरचे सिमेंटचे चिरे अजून भरले नव्हते आणि ती ते अंगठ्याने चोळत होती.

"येते," थोरली म्हणाली.

ती लगेच नाही गेली. दिवसभर काम करत राहिली. एका कप्प्यातून पेंढा काढला आणि दुसऱ्यात टाकला, मग तोच पुन्हा काढला. दुपार कलल्यावर पाहिलं तर थोरला वाट ओलांडून भावाकडे निघाला होता. अलीकडे तो रोज जायचा, धीर द्यायला. तिने हात धुतले, पदर खोचला आणि त्याच्या मागून गेली.

नव्या खोलीत तिसरी मादी एका कुशीवर पडली होती. मागच्या बाजूला चार पिल्लं, तीन सुकलेली आणि एक पुरी वाढलेली पण मेलेली, अंगावर अजून ओलं आवरण. धाकटा गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत माखलेला. थोरला भिंतीला टेकून उभा. धाकटी उंबऱ्याबाहेर बादली घेऊन. आत पाऊल नाही.

"ये वहिनी," धाकटा म्हणाला. "बघ आमची पहिली वेतं."

"भावजी, एक सांगायला आलेय," थोरली म्हणाली. "ही बूट धुवायची. रोज. मी स्वतः बघितलंय. त्या दिवशी तर तळवे उलटे करून धुतले."

"धुतले असतील. राहिलं असेल कुठे बोटभर."

"नाही राहिलं."

"मग आलं कुठून?" धाकट्याने वर पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, झोप नसलेले. "आभाळातून पडलं का? सहाच्या सहा ठणठणीत आणल्या मी. ज्या दिवशी आल्या त्या दिवशी कुंड्या चाटून पुसून खाल्ल्या. मग आणलं कुणी?"

थोरला भिंतीवरून सरळ झाला. "चल गं," तो तिला म्हणाला. "तिकडे कामं पडलीत."

"माद्यांबरोबरच आलं," थोरली म्हणाली. "त्यातली एक खोकत होती, मी ऐकलं होतं. निकाल माद्या इकडे आणायच्या आधीच फोनवर आला होता. बाईंनी सांगितलं होतं, एक जनावर बाहेर काढू नका. यांना माहीत होतं, मला माहीत होतं. तुमच्याकडे मेल्या तर तुमच्या मेल्या, म्हणून आणून दिल्या."

मादी कण्हली. धाकटा तिच्या पोटावर हात ठेवून तसाच बसला. मग त्याने भावाकडे पाहिलं.

थोरल्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच थोरलीला पुढे आयुष्यभर आठवत राहिलं. तो थकल्यासारखं हसला. "महिना झाला, मेलेली पिल्लं उचलतेय रे," तो म्हणाला. "खात नाही, झोपत नाही. परवा कोंड्याऐवजी चुना घालायला निघाली होती कुंडीत. निकाल नंतर आला. तुला कळवलं नव्हतं का मी लगेच? आणि जावेवर जीव आहे तिचा. तुझी बायको रडत बसली म्हणून आली तिची बाजू घेऊन."

"बाईंना विचारा," थोरली म्हणाली. "फोन करा आत्ता. कधी सांगितलं, विचारा."

फोन धाकट्याच्या खिशात होता. वरून आकार दिसत होता. त्याने खिशाकडे हात नेला नाही. तो काही वेळ जमिनीकडे बघत राहिला, बायकोने उतार काढलेल्या त्या जमिनीकडे, जिच्यावरून रक्त आणि पाणी नीट मोरीकडे वाहत होतं.

"घरातल्या गोष्टी बाहेरच्याला विचारायच्या का आता?" तो म्हणाला. "वहिनी, हिला वाचवायचं म्हणून दादावर आळ घालू नकोस. जावाजावांचं तुमच्यात ठेवा. बापामागे हाच एक आहे मला."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी उंबऱ्याबाहेरच होती. तिने बादली खाली ठेवली होती. ती धाकट्याकडे बघत नव्हती, थोरल्याकडेही नाही. ती थोरलीच्या हातांकडे बघत होती. ज्या हातात त्या दिवशी पाटी होती, त्या हातांकडे. तिचा प्रत्येक शब्दावर विश्वास बसला होता, हे दिसत होतं. मग ती वाकली, बादली उचलली आणि खड्ड्याकडे निघून गेली.

घरी आल्यावर थोरल्याने तिला मारलं वगैरे नाही. त्याने पाय धुतले, चहा मागितला, आणि कप हातात घेऊन म्हणाला, "झालं समाधान?"

पुढचं सगळं थोरल्याने जुळवलं. रोग दोन्हीकडे एकच, तर दोन वाडगी वेगळी कशाला? आजारी झालेल्या आणि निभावलेल्या माद्या एकत्र ठेवायच्या, नवं जनावर आत घ्यायचं नाही, बाईंनीही तसंच सांगितलं होतं. धाकट्याच्या सहांतल्या दोन मेल्या होत्या, दोन वांझ निघून कसायाकडे गेल्या. राहिलेल्या दोघी थोरलीच्याच मागून वाट ओलांडून परत आल्या. नव्या खोलीत पेंढ्याच्या गंज्या रचल्या गेल्या. धाकटा सकाळी भावाच्या वाडग्यावर कामाला यायचा आणि संध्याकाळी जायचा. दादाने सांभाळून घेतलं, असं तो चारचौघांत सांगायचा. थोरला अशा वेळी दुसरीकडे बघायचा.

धाकटीही यायची. यावंच लागायचं. तिला आता विण्याच्या खोलीत जायला कुणी अडवत नव्हतं. धाकट्याने मोठ्या मनाने माफ केलं होतं तिला. ती वेळेवर यायची, झाडायची, पाणी भरायची, सांगितलेलं करायची. थोरलीशी ती भांडली नाही, अबोलाही धरला नाही. कोंडा संपलाय. तिकडची कुंडी फुटलीय. कामाचं तेवढं बोलायची, आणि बोलताना थोरलीच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघायची.

माद्या उलटत राहिल्या, मग हळूहळू ठरायला लागल्या. थंडी गेली, ऊन चढलं. पोटं सुटली. थोरली रोज हाताने पोट चाचपायची आणि आत काही हललं तरी खूश व्हायला धजायची नाही. पहिली विण्याला बसली ती परत आलेल्या दोघींतलीच एक. दिवस पुरे भरले होते. सकाळपासून ती पेंढा तोंडात धरून कोपऱ्यात ओढत होती.

दोघीजणी तिच्या मागे बसल्या. पहिलं पिल्लू आलं आणि पडल्या पडल्या ओरडलं. धाकटीने नाकातला चिकटा काढला, नाळ बांधली, पेंढ्याने अंग चोळलं. ते चार पायांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि धडपडत आईच्या सडाकडे गेलं. दुसरं आलं. तिसरं, चौथं. एकही सुकलेलं नाही, एकही मेलेलं नाही. बाहेर थोरला धाकट्याला काहीतरी सांगत होता आणि दोघं भाऊ हसत होते.

ते हसणं ऐकून कितीतरी दिवस मनात घोळलेलं थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"एकदा शिव्या दे मला," ती म्हणाली. "तोंडावर दे. जे वाटेल ते बोल, पण एकदा बोल."

धाकटी पिल्लू पुसत होती. पुसून होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग ते सडाला लावलं आणि म्हणाली, "मी तुम्हालाच विचारलं होतं. यांना नाही, थोरल्या भावजींना नाही. तुम्हाला."

"हो."

"तुम्ही खरं बोललात त्या दिवशी, त्याने माझं काय झालं? मला कळलं, बस. यांना कळलं नाही, आणि आता कळायला नको. मला यांच्या त्या समजुतीतच राहायचंय." तिने ओला पेंढा बाजूला सारला, कोरडा ओढला. "शिव्या देऊन तुम्ही मोकळ्या व्हाल. मी कशी होऊ?"

मादीने कळ दिली. पाय ताणले, अंग थरथरलं.

"पुढचं येतंय," धाकटी म्हणाली. "धरा."

थोरलीने हात पुढे केले.